खणाच्या मापाची पेटी

पप्पा, तुम्हाला थडग्यातून काढणार आहेत. दचकू नका. जागा पुरत नाही म्हणून जुन्यांची हाडं पेटीत भरून भिंतीतल्या खणात ठेवतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. वसईत अशा कितीतरी पेट्या तुम्हीच केल्यात. आता तुमची पाळी. दादाने फोनवर सांगितलं, बाजारात स्टीलची तयार मिळते, झाकणावर क्रूससुद्धा असतो, मृतांच्या दिवसाआधी उरकून टाकू. जन्मभर लाकडात वावरलेला माणूस डाळ-तांदळाच्या डब्यात! मी म्हटलं, पेटी मी करणार, फिंगर जॉइंटची, तुम्ही करायचात तशी, हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशा फळ्या गुंतवून. मग दादा म्हणाला, "कर. पण सांध्यात फट दिसली, तर स्टीलचीच."

इथे आखातात, आमच्या बरक्यात, हत्यारांचं दुकान आहे, मालक रत्नागिरीचे. तुम्हाला आवडले असते. तुमच्यासारखेच गिऱ्हाइकाला आधी नापास करतात. "बाय, खाचा पाडायचं हे राऊटर मशीन न्या. फळी सरकवली की खलास." पण राऊटरबरोबर त्याचा साचा हवा, साच्याबरोबर सराव हवा, आणि त्याच्या किंकाळीने दुपारी झोपणारा आमचा घरमालक जागा झाला, तर नवं घरही हवं. टेबलाएवढी करवत दाखवली, तीही नको म्हटलं. मला एक पेटी करायची होती, कारखाना काढायचा नव्हता. शेवटी बारीक दात्यांची, ताठ पाठीची एक हातकरवत घेतली, काटकोन तपासायला एक गुण्या आणि खाचा कोरायला एकच पटाशी. आधी पटाशी ठरवली आणि तिच्याच रुंदीची बोटं आखायची ठरवली, म्हणजे खाचेचा तळ तरी सरळ येईल. मालक हसले. म्हणाले, चप्पल बघून पाय घडवताय. तरी पटाशीला धार त्यांनीच लावून दिली.

पहिल्या फळीवर करवत टेकवली आणि तुमची पडवी समोर आली. मी दाराशी उभी आहे. तुम्ही दादाला शिकवताय, "रेघ खाऊ नको रे, रेघेच्या बाहेर काप." दादाचं लक्ष मैदानातल्या क्रिकेटकडे. मी करवतीकडे हात नेते आणि तुम्ही मान वरही न करता म्हणता, "तुझी बोटं पेनासाठी आहेत." पप्पा, शाळा-कॉलेज शिकवलंत, उपकार झाले. पण तुमच्या माहितीसाठी, ऑफिसात मी माशांच्या कंटेनरची कागदपत्रं करते, तीही कॉम्प्युटरवर. पेन लागतं ते रजेच्या अर्जावर सही करायला.

तर, फळ्यांच्या पहिल्या जोडीत मी सगळ्या रेघा खाल्ल्या, बोटांमध्ये फटीच फटी. नवरा म्हणाला, हिला दाताच्या डॉक्टरकडे ने. दुसरी जोडी एसीत बसून घट्ट कापली आणि बाल्कनीत ठेवली. समुद्राची दमट हवा पिऊन ती इतकी फुगली की ठोकता ठोकता फळी चिरली. मग ठरवलं, कापायचं आणि जुळवायचं बाल्कनीतच, घाम गाळत, कारण वसईची हवाही काही एसीची नाही. आता नवरा निमूटपणे फळी धरतो. विनोद संपले त्याचे.

पेटी तयार आहे. दादाला फोटो पाठवला. त्याने तो मोठा करकरून पाहिला असणार, कारण उत्तर संध्याकाळी आलं: "घेऊन ये."

हे पत्र पेटीत तुमच्याजवळ ठेवायचा विचार होता. नाही ठेवणार. तुम्हाला मोठ्याने वाचायची सवय, पेपर वाचलात तरी अर्ध्या आळीला बातम्या कळायच्या. तिथे खण खणाला लागून आहेत आणि शेजारी सगळी तुमची जुनी गिऱ्हाइकं. त्यांना कशाला कळायला हवं, की मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या फटीत मी भुसा आणि गोंद भरलाय.