चिठ्ठीतली बाजू

बाबा, या वर्षी गणपतीत आपल्या मंडळाच्या वादविवादात तुमच्या पणतीला मी शून्य गुण दिले. ते कसं घडलं, हे तुम्हालाच सांगायला हवं. नियम तुमचा होता.

तुम्ही रेल्वेच्या ऑफिसातून यायचात, पाय धुवायचात आणि मला स्वयंपाकघरात उभं करायचात. आई पोळ्या लाटते आहे. मी शेगडीच्या डाव्या बाजूला उभा राहून विषयाच्या बाजूने बोलतो, मग उजव्या बाजूला जाऊन विरोधात. मंडळात तुम्ही सुरू केलेल्या स्पर्धेत कोणती बाजू येणार हे मंचावर चिठ्ठी उचलल्यावरच कळायचं, म्हणून दोन्ही तयार ठेवायच्या. चिठ्ठीत जी बाजू येईल ती शेवटपर्यंत धरायची. सोडली तर गुण नाहीत. आई लाटणं न थांबवता म्हणायची, "दोन्हीकडून बोलून राहिला पोट्टा. वकील होते का चोर, पाहा." तुम्ही हसू दाबायचात.

एका वर्षी विषय होता फाशीची शिक्षा. मला 'असावी' आली आणि मी पहिला आलो. परत येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. विचारलंत, "मंग, द्यायची का माणसाले फाशी?" मी म्हणालो, चिठ्ठीवर अवलंबून आहे. तुम्ही थांबलात. "चिठ्ठी तिथंच राहिली. आता तू सांग." मला सांगता येईना. "मंग इतका वेळ तिथं बोलत कोण होतं रे?" एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्यासमोर येऊन म्हणालो, देऊ नये. का, ते मला नीट मांडता आलं नाही. तुम्ही आपला चहा बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढे सरकवली. आपल्या घरात मुलांना चहा नव्हता. तो मी फुंकर न घालता प्यालो आणि जीभ पोळली. इतका चांगला चहा पुन्हा प्यालो नाही.

या वर्षीचा विषय मुलांनीच निवडला: यंत्राला स्वतःची इच्छा आणि नीती असू शकते का. तुम्हाला यंत्र म्हणजे काय ते सांगायला हवं. फोनमध्ये एक आहे. त्याला काहीही विचारलं की ते माणसासारखं उत्तर लिहून देतं, मराठीतसुद्धा. माझी नात तेरा वर्षांची, समता कॉलोनीत राहते, हिंदी मुलखात वाढलेली; मराठी तिला समजते पण उत्तर हिंदीत देते. तिने त्याच्याकडून दोन्ही बाजूंची भाषणं लिहून घेतली. मला आठवडा लागायचा, त्याला चहा गाळायचाही वेळ लागला नाही. दोन्ही भाषणं चांगली होती. मी तिला म्हटलं, त्याला विचार, तुझी बाजू कोणती? त्याने लिहिलं की ते दोन्ही बाजू मांडू शकतं. पण त्यातली एखादी त्याची स्वतःची आहे का, हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. मला सायकल आठवली. निदान ते प्रामाणिक होतं. मी तर गप्प राहिलो होतो.

मग तिने वात्रटपणा केला. तिच्या विरुद्ध बोलणारी मुलगी थोडी अडखळते. त्यावर एक टोमणा लिहून दे, असं तिने यंत्राला सांगितलं. ते नाही म्हणालं. तिच्या मुद्द्याला उत्तर देऊ, तिच्या बोलण्याला नको, असं काहीतरी. नात फणकारली. "देखो आबा, कितना शरीफ बनता है! किसी ने सिखाया होगा."

"तुला कुणी नाही शिकवलं?"

"मैं तो अपने आप अच्छी हूँ," ती म्हणाली, आणि मग स्वतःच हसली. टोमणा तिने भाषणात घेतला नाही.

मी परीक्षक होतो. नात बोलणार म्हणून खुर्ची सोडतो म्हणालो. मंडळाची सचिव शंकर नगरला दातांचा दवाखाना चालवते. ती म्हणाली, "काका, दुसरं कोणाले आणू आता? इथं सगळेच कोणाचे ना कोणाचे आजोबा आहेत."

आरती झाली. नातीने चिठ्ठी उचलली: असू शकत नाही. दोन मिनिटं ती पाठ केलेलं बोलली. शुद्ध, स्वच्छ, एकही हिंदी शब्द नाही. पहिला क्रमांक तिचाच होता, हे मला दिसत होतं. तिला ते माझ्याही आधी कळलं असावं, कारण तिच्या डोळ्यांत तसं काहीतरी होतं. आणि ती थांबली.

"हे मी पाठ केलं," ती म्हणाली. "पण मले असं नाही वाटत." मले हा शब्द तिच्या आजीचा. "आज नाही आहे मशीनजवळ. पर कल? मी लहान होती तेव्हा मले पण काही येत नव्हतं. मम्मी म्हणे, विचारल्याशिवाय कोणाचं घ्यायचं नाही, तर मी नाही घेत होती. डर के मारे. मग एक दिवस कोणीच पाहत नव्हतं, तरी नाही घेतलं. डर पण नव्हता. तो दिवस कोणता होता, मले माहीत नाही. शायद उसको भी पता नहीं चलेगा."

मग मागून एका काकूंचा आवाज आला, "काहून गं, बाजूच बदलवली?"

"हव," नात मान डोलावून म्हणाली. सगळा मंडप हसला. अडखळणारी मुलगी सगळ्यात मोठ्याने.

मी शून्य लिहिलं आणि निकाल वाचताना नियम समजावून सांगितला. पहिला क्रमांक त्या दुसऱ्या मुलीला गेला. नात सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. मग तोंडात प्रसादाचा मोदक घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आबा, मशीन तो आप निकले!" मी इतका हसलो की सचिवबाईंनी पाणी आणून दिलं. बाबा, तुम्ही हवे होतात. तुमचं रक्त त्या मंचावर उभं होतं, मोडक्या मराठीत, कुणी विचारलेलं नसताना आपली बाजू सांगत. मी चौबे कॉलोनीतल्या घरापर्यंत पायी आलो, स्कूटर मंडपापाशीच विसरून.

दुसऱ्या दिवशी सचिवबाईंनी विचारलं, हा नियम लिहिलेला कुठे आहे? मी सगळ्या फायली काढल्या. कुठेच नाही. तुम्ही कधीतरी तोंडी सांगितला आणि आम्ही चालवला. तो बदलावा, असं पत्र संस्थापक म्हणून तुमच्या नावे लिहून फायलीत लावावं म्हणून हे लिहायला बसलो. पण हे लावणार नाही, दुसरं चार ओळींचं लिहीन.

कारण मी सगळ्यांना सांगितलं आहे की नातीला गुण देऊ की नको, हा मोठा पेच होता. मनावर दगड ठेवून मी नियम पाळला. लोकांनी कौतुक केलं. तसं काही झालं नव्हतं. ती थांबली, मी ऐकलं, मला फार आनंद झाला, आणि हाताने शून्य लिहिलं. दुसरं काही लिहिता येईल, हे माझ्या मनात आलंच नाही.