पान एकशे बाराची दुरुस्ती

आदरणीय उस्ताद,

हवाई दलात अकरा वर्षं ज्या मेकॅनिकच्या सहीशिवाय मी विमानाचं चाक हलवलं नाही, त्याला वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे देवकृपेने सगळे ठीक. माझी पाठ तेवढी गेली. (विमानात शाबूत राहिली होती, पुस्तकांवर सह्या करताना गेली.)

तुम्ही परत पाठवलेली माझी कादंबरी पोचली. सोबत दोन ओळींचं पत्र नाही, नुसत्या लाल पेन्सिलीने दाखवलेल्या एक्केचाळीस चुका, विमानाच्या दोषवहीत लिहायचात तशा क्रमांक घालून. (सतरावी फार लागली : 'या उंचीवर काच उघडली तर गोळीच्या आधी नायकच बाहेर जाईल.' खरं आहे. पण लाखभर वाचकांत कुणी तक्रार केली नव्हती हो.) बायको म्हणाली, "एक तरी माणूस तुमचं पुस्तक नीट वाचतो म्हणायचा. मी आठव्या पानावर झोपते." तेवढ्यात प्रकाशकाचा फोन, पुढची कादंबरी कधी देता? थकलोय म्हटलं. तर म्हणे, "तुम्ही खुशाल थका साहेब, नायकाला थकवू नका."

पण उस्ताद, पान एकशे बारावर पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नाही. तिथे मेकॅनिक वेगमापकाच्या नळीवरचं लाल झाकण काढायला विसरतो (ते राहिलं तर हवेत वेगच कळत नाही) आणि नायक ऐन वेळी ते पाहून सगळ्यांना वाचवतो. खरं काय घडलं ते आपण दोघे आणि परमेश्वर जाणतो. "झाकण मी काढतो, तुम्ही चहा घ्या," असं मीच म्हणालो होतो, आणि विसरून निघालो होतो. तुम्ही विमानापुढे हात हलवत धावलात म्हणून आज मी पाठीची तक्रार करू शकतो. वरिष्ठांना कळवलंही नाहीत. आता वहिनी सांगतात, जावई जेवताना विचारतात, "मामा, तो विसराळू मेकॅनिक तुम्हीच का?" आणि तुम्ही ताटावरून उठता. माझा फोनही घेत नाही. रोज सकाळी हात जोडले की ते पान डोळ्यांपुढे येतं. देवही गप्प, तुम्हीही गप्प. जास्त कोण रागावलंय तेच कळेना.

आपला,
तुमचा वैमानिक

ता.क. बायको म्हणते, एवढ्या पत्रात माफी कुठेच नाही. चुकलो, उस्ताद.

ता.क. दुसरा : नव्या आवृत्तीसाठी ते पान पुन्हा लिहिलंय. विसरतो नायक, धावतो मेकॅनिक. प्रकाशक म्हणाला, "नायक इतका वेंधळा निघाला तर पुस्तक घेणार कोण?" म्हटलं, पहिली प्रत जावयांना पाठवा.

ता.क. तिसरा, आणि पत्र खरं याचसाठी : ते पान सोबत जोडलंय. धावताना तुम्ही जीव तोडून काहीतरी ओरडत होता. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही आणि नंतर विचारायची छाती झाली नाही. तेवढी जागा कोरी सोडलीय, ती भरून पाठवा. शिवी असेल तर पूर्ण लिहा, फुल्या नकोत. जागा कमी पडली तर मागची बाजू वापरा.