अविनाशला झेपेल असं अंगण

८ सप्टें. ९६, रविवार. कावासाकी
लॉन कापायचं आजही राहिलं. अविनाश उशिरा उठला, तेवढ्यात ऑफिसचा फोन, गेलाच. परवा शेजारच्या शिमिझु-सान कुंपणापाशी हसून म्हणाल्या, "तुमचं गवत किती जोमानं वाढतंय!" मी थँक्यू म्हटलं. आज डोक्यात प्रकाश पडला. जन्म पुण्यात गेला आणि टोमणा कळायला दोन दिवस!

१५ सप्टें.
ठरलं. मार्चअखेर मी आणि सई पुण्याला. सईची पहिली तिकडेच व्हावी, असं अ.चं म्हणणं. त्याचं काँट्रॅक्ट अजून दोन वर्षं. मी बरं म्हटलं. तिला सांगितलं तर "याडा!", म्हणजे जपानीत नक्को, आणि पाय आपटणं. अ. शेवटच्या ट्रेननं येणारा माणूस, लॉन काय कापणार? कापावं न लागणारं काहीतरी लावून जायला हवं.

२९ सप्टें.
शि.-सानना विचारलं. फारच खुलल्या. शिबाझाकुराला गुलाबी फुलं येतात, पण ऊन लागतं. आमच्याकडे समोरच्या इमारतीची सावली. मी शेवाळ सुचवलं तर नुसत्याच हसल्या. शेवटी र्‍यूनोहिगे, म्हणजे ड्रॅगनची दाढी. बोटभर उंच, बारा महिने गर्द हिरवं, सावलीत खुशाल. "एकदा लावलं की विसरायचं ना?" त्यांनी मान तिरकी केली. झालं, पक्कं. घरमालकांचीही हरकत नाही.

१३ ऑक्टो.
गवत काढलं, रोपं लावली. मधे वीतवीतभर काळी माती. कंबर मोडली. अ. दारातून म्हणाला, "टक्कल पडल्यासारखं दिसतंय." मदत नाही, मतं मात्र.

१६ फेब्रु. ९७
मोकळ्या मातीत तण. शि.-सान म्हणाल्या, दाढी पसरून माती झाकेपर्यंत हातानंच उपटायचं. दोन वर्षं, कदाचित तीन. मग तेव्हा हो का म्हणालात? "हो कुठे म्हटलं? मी तर मान तिरकी केली." इथे मान तिरकी करणं म्हणजे शंका. चार वर्षं राहून मी ती आपल्याकडच्यासारखी वाचली. म्हणजे लॉनपेक्षा जास्त काम, तेही मी गेल्यावर.

२३ फेब्रु.
तिकिटं आली. दोन. अ.ला तण कसं काढायचं ते सांगितलं. "हो हो." पेपरातून मान वर नाही.

९ मार्च, रविवार
बाजारातून आले तर अ. अंगणात उकिडवा. ऑफिसचे मोजे चिखलात. कपाळ पुसत म्हणाला, "बघ, सगळं साफ केलं." खरंच सगळं. तणाबरोबर अर्धी दाढीही कचऱ्याच्या पिशवीत. मी ओरडले. तो म्हणाला, "दोन्ही गवतच दिसतं गं. मला कसं कळणार?" पिशवी पालथी केली, तिघं निवडत बसलो. सई सर्वांत भराभर. अ. प्रत्येक काडी माझ्यापुढे धरून विचारत होता, "ही ठेवायची?" एकदा काडी तशीच हातात धरली. मग म्हणाला, "तिकिटं रद्द होतात का गं?"
मी म्हटलं, बघू.

१० मार्च
अ. ऑफिसला, सई बालवाडीत. सकाळी रोपं परत लावली. जगतील की नाही, सांगता येत नाही. काल "बघू" का म्हटलं? मला जायचं नाहीये. सप्टेंबरमध्येही नव्हतं. ट्रॅव्हल एजंटचा नंबर फोनपाशीच आहे. अजून लावलेला नाही.