दुसऱ्याच्या मापाचं

दि. ३ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि फोन सदा तुझ्या आईच्या उशाशी. दवाखान्याची नाडी-पावलं मोजायची पट्टी तू तिच्या मनगटाला बांधून गेलीस, तिचा दिवा हिरवा आहे. मागे लाल झाला तेव्हा नोकरी टाकून धावत आलीस, तसं आता करू नकोस. डॉक्टर मात्र घरी येईनासे झाले. पूर्वी सूज आहे का ते कळायला आईच्या पायावर अंगठा दाबून खळगा पडतो का बघायचे. आता म्हणतात, सगळं पडद्यावर दिसतं. मी शिंपी माणूस. गिऱ्हाईक समोर उभं केल्याशिवाय कधी कात्री लावली नाही. असो. वेळेवर जेवत जा.

तुझे बाबा

दि. ९ मार्च

ती. बाबांना सा. नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. तुमची काळजी म्हणजे पक्क्या बटणाला पुन्हा टाके! आईचं सगळं मला मोबाईलवर दिसतं. नाडी छान, आणि परवा बाईसाहेब चक्क तीन हजार पावलं चालल्या. तुमच्यासारख्या मशीनला चिकटून बसत नाहीत! आकडे बघून डॉक्टरांनी सूज उतरवायची गोळी सोमवारपासून बंद केली आहे. कितीतरी महिन्यांनी मला शांत झोप लागली. लोभ आहेच, तो वाढवावा.

तुमची ठकू

दि. १६ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

सकाळपासून तुला चारदा फोन लावला, पण कामावर तुमचे फोन काढून घेतात. शेजारच्या बाई तुझ्याच शहरात निघाल्यात, त्यांच्या हाती हे देतोय. बसून वाच.

ती तीन हजार पावलं माझी आहेत. दीड महिना पट्टी माझ्याच हातावर होती. आई म्हणाली, लाल दिवा दाखवून पोरीची नोकरी घालवायची आहे का? तुमचं काळीज ठणठणीत आहे, तुम्हीच बांधा. शपथ घातली. मी बांधली. जन्मभर कुणाचं माप चुकवलं नाही, आणि आता माझं माप देऊन तिचं औषध बेतायला लावलं.

तुझं पत्र वाचून पट्टी तिला बांधायला गेलो, तर हात इतका सुजलाय की शेवटच्या भोकातही बसेना. कापडाचा तुकडा जोडून बांधली. दिवा लाल झाला. आईच्या कानावर जाऊ नये म्हणून शेजारून दवाखान्याला फोन केला, तर यंत्रातली बाई बोलली. म्हणाली, रुग्णाचे आजवरचे आकडे उत्तम आहेत, पट्टी सैल झाली असेल, घट्ट करा. मी ओरडून सांगितलं, ते आकडे माझे होते. तिने तेच पुन्हा ऐकवलं.

डबीत उरलेल्या दोन गोळ्या दिल्या. आता डबी रिकामी. आईला आडवं होता येत नाही, उशीला टेकून धापा टाकते. दिवा हिरवा आहे ना, विचारते. मी हो म्हणतो.

तुझ्या मोबाईलवरही आता लाल दिसेल. पट्टी सैल असेल म्हणून सोडू नकोस, पोरी. डॉक्टर तुझं ऐकतील. त्यांना सांग, एकदा येऊन तिच्या पायावर अंगठा दाबून बघा. मला काय बोलायचं ते नंतर बोल. पण हे हातात पडताच कळव. लगेच कळव.

बाबा