तिचं बोट, माझी पाठ

३ तारीख
आलो एकदाचा! मणक्यांचा स्वतंत्र वॉर्ड, चोवीस खाटा, आवारातच खोली आणि चहा चक्क गरम. सोबतची डॉक्टर माझ्याच वयाची. तिला सगळे ‘बोट’ म्हणतात. रोग्याच्या पाठीवर बोट फिरवून ती बिघडलेला मणका सांगते म्हणे. मला हसू आवरेना.

६ तारीख
एक शिंपी आला. कंबरदुखी, बारीक ताप. वाकून वाकून आखडली असेल, असं मी ठोकून दिलं. बोटबाईंनी एके ठिकाणी दाबलं आणि तो कळवळला. एमआरआयमध्ये नेमका तिथेच, दोन मणक्यांमधल्या चकतीत पू. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांदेखत तिचं कौतुक केलं. मी शेजारी ठोंब्यासारखा उभा. खोटं कशाला लिहू, जळफळाट झाला.

इथला नियम असा, की रोगी धोक्यात नसेल तर आधी सुईने नमुना घ्यायचा, मगच अँटिबायोटिक. औषध आधी गेलं की प्रयोगशाळेत जंतू उगवत नाही आणि मग उपचार अंदाजपंचे करावे लागतात. तिला जंतू पहिल्याच सुईत सापडला.

११ तारीख
शिंपी उठून बसला. तिला म्हणाला, ताई, तुमच्या हाताला गुण आहे. मला विचारलं, तुम्ही नवीन का? माझ्या मानेवर गळू झालंय. रागारागाने फोडलं.

१९ तारीख
पाठ दुखतेय, मधोमध. ताप आहे. गळवातले जंतू रक्तातून मणक्यात उतरतात, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. पण सांगितलं तर सुई तीच टोचणार. माझी पाठ आणि तिचं बोट! छे. गुपचूप अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू केल्या.

२४ तारीख
ताप उतरला, दुखणं मात्र तसंच. तिने विचारलं, वाकडा का चालतोस? उशी बदलली, म्हटलं. तिला बढती मिळतेय. ताट बाजूला सारलं.

२८ तारीख
वॉर्डात कोसळलो. आता खाट नऊ माझी. तिने एकदाच दाबलं, एमआरआय काढला. पू. सुई टोचण्याआधी विचारलं, काही गोळ्या घेतल्यास का? सगळे ऐकत होते. नाही म्हणालो —

३० तारीख
जंतू उगवला नाही. ती गोंधळली. पहिल्यांदाच! मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.

३१, सकाळ
ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत याचे पाय जातील, आत्ताच शस्त्रक्रिया करू. मोठे डॉक्टर म्हणाले, आधी तपास. तिने तळपायाला टाचणी लावली. मी तिच्या हातावर नजर ठेवली. हात हलला की म्हणायचं, कळतंय. पाय उचल म्हणाली. पाठ दुखते म्हणालो. काहीच कळत नव्हतं — काहीच.
ती ओशाळली. शस्त्रक्रिया उद्यावर.

दुपार
मांडी चिमटली. कुणा दुसऱ्याची असावी तशी —
बधिरपणा बेंबीच्या वर चढलाय. बेल उशाशी आहे. दाबली तर तीच धावत येईल. मग तिचंच खरं —