कोळंबीकडे तोंड, पोरांकडे पाठ

प्रिय लॉर्ना,

(नावाने हाक मार असं तुम्हीच सांगून ठेवलंय म्हणून. नाहीतर पुढचा मजकूर बघता आज 'सासूबाई' लिहून दोन पावलं मागे सरणंच शहाणपणाचं होतं.)

गुडघा कसा आहे? स्टॅनथॉर्पला सकाळी दव गोठून गवत पांढरंफटक होतंय असं क्लिंट म्हणाला. तेव्हा सफरचंदाच्या झाडांची छाटणी शिडीवर चढून स्वतः करू नका, एवढं तरी आमचं ऐका. इकडे वॉरिकला सगळे मजेत. हॅमिशचा पुढचा दात पडला, पिप्पा दहा वर्षांची असून पन्नाशीच्या बाईसारखी बोलते आणि तुमचे चिरंजीव क्लिंट नेहमीप्रमाणे गुरांच्या बाजारात आहेत. खुशाली संपली.

आता मुद्द्याचं. रविवारी पिप्पाने तुम्हाला फोनवर सांगितलं की, गोल्ड कोस्टला आई आमच्याकडे पाठ करून बसली आणि एकटीच कोळंबी जेवली. त्यावर तुम्ही क्लिंटला म्हणालात की, आमच्या घरात सगळे एका टेबलावर एकच जेवण जेवायचे आणि पोरांना कोणी विचारत नसे. (मी भांडी घासत होते, पण तुमचा आवाज नळाच्या वरताण आहे. कौतुकानेच म्हणते आहे.) तर लॉर्ना, ऐका. पाठ केली होती. चुकून नाही, खुर्ची उचलून, फिरवून, नीट बघून केली होती. माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. 'एकटीच जेवली' हे मात्र धादांत खोटं आहे आणि ते खरं असतं तर मला आनंदच झाला असता.

एका टेबलावरच्या एका जेवणाबद्दल म्हणाल, तर तुमचा तो करडा कुत्रा दर हिवाळ्यात का फुगायचा आणि त्याला घेऊन तुम्ही गुरांच्या डॉक्टरकडे का पळायचात, हे एकदा क्लिंटला विचारा. टेबलाखालून तुमचे सगळे उकडलेले सलगम त्याच्याच पोटात जात होते. मी हे सांगणार नव्हते. पण विषय तुम्ही काढलात.

गोल्ड कोस्टच्या ज्या पार्कात आम्ही गेलो तिथे तुम्ही कधी गेला नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. तिथे कॅप्टन पेली नावाचा माणसाएवढा पेलिकन आहे, म्हणजे पिसांच्या पोशाखातला माणूस. तो जिथे जेवायला असेल तिथेच आमची दोन्ही पोरं जेवणार. सकाळी पेलीबरोबर न्याहारी, दुपारी पेलीच्या जहाजावर जेवण, संध्याकाळी पेली झोपायला जायच्या आधीचं जेवण. पक्षी एवढं खातो तर उडणार कधी, हे मी विचारलं तेव्हा पिप्पा म्हणाली, "आई, तू प्लीज सगळ्यांसमोर असं काहीतरी बोलू नकोस ना." जेवण काय, तर पेलिकनच्या आकाराचे चिकनचे तुकडे आणि बटाट्याच्या फोडी. हॅमिश पांढरं किंवा पिवळं सोडून काही खात नाही हे तुम्हाला माहीत आहे. (पिवळ्यातही केळं चालत नाही. त्याला टिपके असतात.) त्याच्या दृष्टीने हा स्वर्ग होता. पहिल्याच सकाळी पिप्पाने पेलीच्या कानात, म्हणजे जिथे कान असावा तिथे, माझा वाढदिवस आहे असं खोटंच सांगितलं. अख्ख्या हॉलने गाणं म्हटलं, पेलीने आपली टोपी माझ्या डोक्यावर घातली आणि त्याचं एक पीस माझ्या कॉफीत पडलं. कॉफी तेवढी गरम होती. ती मी पिसासकट प्यायले असते, पण हॅमिशला शू लागली.

इथे एक सांगायचं आहे आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. पिप्पा झाल्यापासून मी माझ्या मनाने मागवलेलं जेवण बसून, गरम असताना किंवा ताजं असताना, शेवटपर्यंत खाल्लेलं नाही. मी उरलेलं खाते. ब्रेडच्या कडा खाते. एकाने चाटून ठेवलेलं दुसऱ्याच्या डब्यात जायच्या आधी मी खाते. समुद्राजवळ जातोय म्हटल्यावर मला एकच गोष्ट हवी होती: अख्ख्या कोळंबीची एक थाळी, मिशा-डोळ्यांसकट, लिंबू पिळून, स्वतः सोलून, सावकाश. मला पोरांपासून सुटका नको होती, थाळी हवी होती. वॉरिकला कोळंबी येते ती बर्फाचा दगड होऊन, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तेव्हा मोटेलच्या खोलीत क्लिंटने बैठक घेतली. मतं दोन विरुद्ध दोन पडली. मग तुमच्या चिरंजीवांनी बाजारातल्यासारखा सौदा पटवला: बाकी सगळी जेवणं पेलीची, शुक्रवारची संध्याकाळ आईची. "एकच संध्याकाळ?" मी म्हटलं. "रो, घे पदरात पाडून," तो म्हणाला, "समोरची पार्टी फार घट्ट आहे." समोरची पार्टी पलंगावर उड्या मारत होती.

शुक्रवारी आम्ही समुद्रकाठच्या बोल्स क्लबात जेवायला गेलो. दारातच अडलो, कारण क्लिंट रबरी चपला घालून आला होता. सहानंतर बंद पादत्राण हवं, हा नियम अख्ख्या क्वीन्सलँडमध्ये शेंबड्या पोराला माहीत आहे, तुमच्या चाळीस वर्षांच्या पोराला नाही. दाराशी टेबल मांडून बसलेली बाई म्हणाली, "लव्ह, नियम म्हणजे नियम. बोटं दिसता कामा नयेत." तेव्हा हा गाडीकडे गेला आणि बाजारातले गमबूट घालून आला. त्यांवर अजून वॉरिकची गुरं होती. बाईने वाकून बघितलं, नाक मुरडलं आणि बोटं दिसत नाहीत म्हणून आत सोडलं. कोळंबीपासून मी वीस पावलांवर होते आणि अशा वेळी नवऱ्याशी भांडायचं नसतं.

पोरांना शेजारच्या छोट्या टेबलावर बसवलं. त्यांच्यापुढे तळलेले मासे, बटाटे, रंगीत पेन्सिली. आमची थाळी आली. लॉर्ना, काय सांगू! अशी गुलाबी, अशी ताजी, की मला गहिवरून आलं. तेव्हाच मी खुर्ची फिरवली. पोरांच्या हातातून सॉस सांडताना दिसला तर मी उठणार, हे मला माहीत होतं. दिसलाच नाही तर उठणार नाही. हा क्रूरपणा नव्हता, बंदोबस्त होता. पोरं माझी कोळंबी खातील ही भीती नव्हतीच, कारण डोळे असलेलं काही हॅमिश खात नाही.

एक कोळंबी सोलून खाल्ली. एकच. आणि माइकवरून मटणाच्या सोडतीचा नंबर पुकारला गेला.

हो, तिकीट आपलंच होतं. क्लबात बसायचं आणि सोडतीचं तिकीट घ्यायचं नाही, हे क्लिंटच्या रक्तात नाही. खोलीत चूल नाही, फ्रीज एका दुधाच्या बाटलीने भरतो, घर तीन तासांवर, आणि हा मांसाचं तबक जिंकायला निघालेला! दुसरा पुकारा झाला. तिसऱ्याला कोणी उठलं नाही तर तबक दुसऱ्याला जातं. क्लिंट म्हणाला, "तू जा ना. या बुटांत सगळ्यांसमोर कसा जाऊ?" आता तुम्ही सांगा, जिंकलेलं तबक सोडून देणारी बाई आपल्या भागात जन्मली आहे का? मी धावले. तिथे पोचल्यावर सोडतवाल्या आजोबांनी हात धरला, कुठल्या म्हणून विचारलं आणि वॉरिक म्हटल्यावर त्यांच्या मावसबहिणीची सगळी हकीकत सांगितली. मी मटणाच्या चापा आणि सॉसेजचं तबक छातीशी धरून हो हो करत होते.

परत आले तर थाळीत नुसती डोकी. ओळीने लावलेली, सगळी माझ्याकडे बघणारी. हॅमिश सॉस मागायला आला होता म्हणे. क्लिंटने त्याला गंमत म्हणून एक सोलून दिली. सोललेली कोळंबी पांढरीच असते, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मग त्याने दुसरी मागितली. मग पिप्पा आली. मग तुमच्या चिरंजीवांनी, आपल्या हातांनी, बसून, सोलून, सगळी थाळी पोरांना भरवली. "अगं, पोरगा खातोय बघ!" तो म्हणाला, जणू मेडलच मिळवलं होतं. मी नवी थाळी सांगायला गेले. आठ वाजले होते. आठ वाजता स्वयंपाकघर बंद. ती बाई म्हणाली, "सॉरी लव्ह."

मी हॅमिशच्या ताटातले गार बटाटे खाल्ले.

तर ही 'एकटीच जेवली'ची हकीकत. पाठ केल्याचा मला पश्चात्ताप नाही. पुन्हा करीन आणि या खेपेला खुर्ची जमिनीला खिळवीन. कुणाच्या तरी मर्जीने वाढलेल्या जेवणानेही पोट भरतं, पण ते आपलं असतं तेव्हा वेगळं लागतं. तुम्हालाही हे कधीतरी वाटलं असणार. वाटलं नसेल तर मी काय करू?

गुडघ्याला जपा.

तुमची सून,
रोवेना

ता. क. सप्टेंबरमधल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी दोन्ही पोरांना ठेवून घ्याल का? क्लिंट आणि मी त्याच क्लबात जातोय. पोरांना सांगा, आई-बाबा दाताच्या डॉक्टरकडे गेलेत. समुद्राचं नाव काढू नका.

ता. क. २. मी 'खास तुमच्यासाठी' म्हणून आणलेल्या चापा फार कोवळ्या होत्या असं तुम्ही म्हणालात. ते सोडतीचं तबक होतं.

ता. क. ३. पाकीट बंद करायच्या आधी गाडी धुवायला काढली, कारण वास जात नव्हता. आम्ही गमबुटांना दोष देत होतो. हॅमिशच्या सीटखाली कागदी रुमालात गुंडाळलेली एक कोळंबी निघाली, सोललेली. विचारलं तर म्हणाला, "तू मटण आणायला गेलीस ना, म्हणून तुझ्यासाठी ठेवली होती. बाबा म्हणाले खाऊन टाक. मी नाही खाल्ली." मी गाडीमागे जाऊन जरा रडले. मग ती पुरली. तेव्हा सप्टेंबरमध्ये पोरांना ठेवून घेऊ नका. ती माझ्याबरोबर येतील, माझ्याच टेबलावर बसतील आणि मी तीन थाळ्या मागवीन. क्लिंटला ठेवून घ्या.