वच्छलाताईला, सव्वीस जुलैच्या आधी

सक्करदरा, नागपूर
१३ जुलै

प्रिय वच्छलाताई,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला बोलता येणार नाही. म्हणून कागद घेतला. तुझं कामठी इथून तासाभराच्या वाटेवर, पण दोन महिन्यांत मला ती वाट धरवली नाही.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी टीव्हीवर लढाई थांबल्याचं सांगितलं. चार दिवस रोहितचा फोन लागला नव्हता. चपला घालायचंही सुचलं नाही, तशीच नाक्यावर गेले, पेढे आणले आणि गल्लीत घरोघर वाटले. कोण जिंकलं, कोण हरलं, हे डोक्यातच आलं नाही. माझ्या पोरावर आता कोणी तोफ डागणार नाही, एवढंच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तू कुरडया घालायला आलीस. गच्चीवर गरम चीक आणून ठेवला होता, सोऱ्या तुझ्या हातात होता, आणि शेजारच्या प्रेमलतानं तुझ्यापुढे पेढा धरला. कशाचा ते ऐकून तू तो घेतला नाहीस. माझ्याकडे वळून म्हणालीस, "सत्ती, पेढे काहून वाटले वं? काम तर अर्धंच सोडलं. आता थांबले, दोन वर्षांनी पुन्हा सुरू होईन. मंग तुया रोहितलेच पुन्हा जा लागन. एकदाचं निपटवून टाकाले पाहिजे होतं."

मी म्हटलं, आधीची चार वर्षं गोळी बंद होती तेव्हा रोहितच्या चौकीखालच्या गावात शाळा भरत होती, लोक मका पेरत होते. त्यानंच सांगितलं होतं मला. तू शांतपणे विचारलंस, "अन् त्या चार वर्षांत समोरच्यानं काय पेरलं?"

वादात हरत आलं की माणूस हाताला लागेल ते फेकतो. मी जे फेकलं ते तुला आठवत असेलच. लिहिणार आहे मी ते, पण जरा धीर येऊ दे. तू सोऱ्या खाली ठेवलास, हात धुतलेस आणि भर उन्हात ऑटो धरून निघून गेलीस.

जूनच्या शेवटी रोहित सुटीवर आला. वाळला होता. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ देईना. मला वाटलं, मावशीशी भांडले म्हणून रुसलाय. दोन आठवडे मी त्याच्या मागे मागे गोड करून घालत राहिले. परवा त्याची बॅग आवरताना तळाशी स्टीलचा डबा सापडला. झाकणावर तुझं नाव कोरलेलं होतं. आईनं तुझ्या लग्नात दिलेल्या संचातला डबा. मी तो त्याच्यासमोर धरला, तेव्हा तो खाली बसला आणि सगळं बोलला.

लढाई थांबायच्या आदल्या रात्री चौकीजवळ गोळा पडला. त्याचा डावा कान गेला. मी पेढे वाटत होते तेव्हा तो तिकडे पट्ट्यांत होता गं. नंतर त्याला कामठीच्या लष्करी दवाखान्यात आणलं, आणि त्यानं तुला फोन केला, मला नाही; मला नुसते 'बरा आहे' असे मेसेज येत होते. "आईले सांगू नको" म्हणाला. तू तीन आठवडे रोज झुणका-भाकर घेऊन जात होतीस. सुरुवातीला दुसऱ्या कानानंही धड ऐकू येत नव्हतं, तर तू वहीत लिहून लिहून त्याच्याशी गप्पा मारल्यास. आणि मी इथे बसून म्हणत होते, ताई किती कठोर, एक फोनसुद्धा करत नाही.

मी त्याला विचारलं, मावशी बरोबर की मी? तो म्हणाला, "आई, पुरूदादानं जो पहाड घेतला ना, तिथं आजही पोरं बसून राहिली. बर्फात बी. जिंकलं म्हणून कोणी खाली उतरलं नाही. अन् सीजफायर झाला म्हणून आमच्या चौकीवर कोणी झोपलं नाही." यावर मी रात्रंदिवस विचार करतेय. तुझ्या पुरूनं कारगिलच्या लढाईत घेतलेला तो पहाड सव्वीस वर्षं शांत आहे, हे तुझं खरं आहे. रोहितचा एक कान तरी शाबूत आहे तो लढाई थांबली म्हणून, हे माझं. दोन्ही खरी असून एकमेकांना का मिटवत नाहीत, हे मला कळत नाही.

आणखी एक आठवलं. कारगिल जिंकल्याचं जाहीर झालं त्या दिवशी मी दारात दिवे लावले होते. पुरूला जाऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. रोहितला कडेवर घेऊन तशीच तुझ्याकडे आले, तर तू त्याला पोटाशी धरलंस. दिव्यांबद्दल चकार शब्द काढला नाहीस.

आता ते लिहिते. गच्चीवर, चार बायांसमोर, मी तुला म्हणाले, "तुमचं तर काम पूर्ण झालं होतं ना? मंग पुरू कुठं आहे?" ताई, पोटच्या पोराचा असा हिशेब कोणी कोणाला विचारू नये. बहिणीनं तर नाहीच. त्याची माफी मागायला हे पत्र आहे. आणि एक विचारायलाही. दरवर्षी सव्वीस जुलैला, कारगिल विजय दिवसाला, छावणीत तुला बोलावतात. भाऊजी गेल्यापासून तू एकटीच जातेस. तिथे पुरूचं नाव पुकारतात, तू उभी राहतेस, हेही मी लोकांकडूनच ऐकलंय. इतक्या वर्षांत मी एकदाही आले नाही. माझा जिवंत मुलगा घेऊन तुझ्याशेजारी बसायची मला भीती वाटायची. या वर्षी येऊ का? रोहितही म्हणतो, येतो. हो म्हण, नाहीतर नको म्हण, पण फोन उचलून तुझ्या तोंडानं म्हण.

तुझीच,
सत्ती